घराच्या आधारभिंतीचे पाण्यापासून संरक्षण

शेताला बांध घालताना अनुभवी शेतकरी दोन गोष्टींचा विचार करतो. माती कोठे अडवावयाची ही पहिली, आणि जादा पाणी कोठून सोडावयाचे ही दुसरी. सांडवा नसलेला बांध पहिल्या जोरदार पावसात फुटतो, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. घरामागील उताराची माती धरून ठेवण्यासाठी जी भिंत घालतात तिला आधारभिंत असे म्हणतात. कामाच्या दृष्टीने ती बांधाचीच बहीण होय. परंतु शहरात व शहरालगत अशी भिंत बांधणारे पुष्कळ लोक मातीचा विचार करतात आणि सांडव्याचा विसर पडू देतात. भिंतीवर ओल दिसू लागली की तिच्यावर नवा गिलावा केला जातो, रंगाचे हात दिले जातात, आणि ज्या छिद्रांतून पाणी बाहेर येते तीच सिमेंटने बुजविली जातात. भिंत काही दिवस कोरडी व स्वच्छ दिसते. तिच्या पाठीमागे मात्र पाणी साचत राहते.

मुंबईच्या उपनगरांत मुलुंड, भांडुप, घाटकोपर, अंधेरी, मालाड, बोरिवली या भागांतील अनेक घरे, चाळी व गृहनिर्माण संस्था टेकड्यांच्या पायथ्याशी किंवा उतारावर वसलेल्या आहेत. ठाणे, रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतही घरामागे दरड व दरडीला लागून भिंत हे दृश्य नेहमीचे आहे. अशी भिंत पाण्यापासून कशी राखावी, याची माहिती या लेखात दिली आहे. भिंत जलरोधक करणे म्हणजे प्रथम पाण्याला वाट देणे व नंतर भिंतीला लेप देणे. हा क्रम उलटला की लेपाचा खर्च वाया जातो आणि धोका वाढतो.

डोंगर, पाऊस आणि वस्ती

मुंबईच्या उपनगरांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरीने दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हा पाऊस सारख्या प्रमाणात पडत नाही. काही मोजक्या दिवसांतच त्याचा फार मोठा भाग कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. तेवढा पाऊस क्वचितच पडतो. तथापि दोनशे ते तीनशे मिलिमीटरचा दिवस उपनगरांना नवीन नाही.

येथील टेकड्या काळ्या पाषाणाच्या व ज्वालामुखीजन्य इतर खडकांच्या आहेत. वरचा खडक ऊनपावसाने कुजून त्याचा मुरूम झालेला असतो व त्यावर मातीचा पातळ थर असतो. पावसाचे पाणी माती व मुरूम यांतून सहज खाली उतरते. खाली अभंग खडक किंवा चिकण मातीचा थर लागला की ते अडते आणि उताराच्या दिशेने आडवे वाहू लागते. घरासाठी जागा करण्याकरिता टेकडीचा पायथा उभा कापला, तर हे भूमिगत पाणी त्या कापलेल्या अंगावर बाहेर पडते. म्हणूनच पावसाळ्यात दरडीच्या अंगाला जागोजागी झरे फुटलेले दिसतात. त्या झऱ्यांसमोर आपण जेव्हा भिंत उभी करतो, तेव्हा झरे बंद होत नाहीत, तर भिंतीआड दिसेनासे होतात.

या प्रश्नाला माणसांच्या प्राणांचे मोल आहे. १२ जुलै २००० रोजी घाटकोपर येथील आझाद नगरात दरड कोसळून साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २ जुलै २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर मालाड पूर्वेस कुरार भागातील पिंपरीपाडा येथे टेकडीवरील जलाशयाच्या आवाराची भिंत खालच्या झोपड्यांवर कोसळली व सुमारे तीस माणसे दगावली. त्या दिवशी सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ३७५ मिलिमीटर पाऊस झाला होता. १८ जुलै २०२१ रोजी चेंबूरच्या भारत नगरात भिंत व विक्रोळीच्या सूर्या नगरात दरड कोसळून दोन्ही ठिकाणी मिळून पंचवीसहून अधिक लोकांचे प्राण गेले. या सर्व घटनांची कारणे अगदी एकसारखी नव्हती. परंतु त्या साऱ्या मुसळधार पावसात घडल्या, आणि माणसे गेली ती वरच्या अंगाची नव्हेत, तर खालच्या अंगाची. आधारभिंतीचा मालक बहुधा वर राहतो आणि तिचा धोका खाली राहणाऱ्याच्या वाट्याला येतो, ही गोष्ट भिंतीवर खर्च करताना ध्यानात ठेवावयास हवी.

भिंतीवर पडणारा भार

मातीचा ढीग मोकळा सोडला तर तो आपल्या नैसर्गिक उतारावर स्थिरावतो. त्याला उभे धरून ठेवले तर तो भिंतीला बाहेर रेटतो. या रेट्याचे गणित फ्रेंच अभियंता कूलोंब याने अठराव्या शतकात मांडले. त्याचा तो निबंध १७७६ साली प्रसिद्ध झाला. आजही अभियंते त्याच पायावर हिशेब करतात.

उदाहरणादाखल तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट उंचीची भिंत घेऊ. तिच्यामागे चांगला, निचऱ्याचा मुरूम भरलेला आहे असे समजू. अशा भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर मुरुमाचा आडवा रेटा साधारणपणे २,७०० किलोग्रॅम इतका येतो. आता त्याच मुरुमात वरपर्यंत पाणी साचले असे धरू. पाण्यात बुडाल्यामुळे मुरुमाचे वजन कमी भासते व त्याचा स्वतःचा रेटा सुमारे १,५०० किलोग्रॅमवर येतो. परंतु पाण्याचा वेगळा दाब त्यात मिळतो, आणि तो एकटाच ४,५०० किलोग्रॅम असतो. एकूण भार ६,००० किलोग्रॅम होतो. म्हणजे माती तीच, भिंत तीच, पण केवळ पाणी तुंबल्यामुळे भार दुपटीहून अधिक झाला. कोरड्या मुरुमाच्या हिशेबाने बांधलेली भिंत हा भार कसा सोसणार?

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भिंतीची उंची दुप्पट केली तर रेटा चौपट होतो व भिंतीला उलथून पाडणारा जोर आठपट होतो. गडग्याएवढी बुटकी भिंत गवंड्याच्या अनुभवावर उभी राहू शकते. दीड मीटरपेक्षा उंच भिंतीचा आराखडा मात्र बांधकाम अभियंत्याकडूनच करून घ्यावा. जुन्या बुटक्या भिंतीवर आणखी चार थर चढवून ती उंच करणे हे तर सर्वथा टाळावे.

पाणी किती येते याचाही अंदाज असावा. एक गुंठा जागेवर ३७५ मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे अडतीस हजार लिटर पाणी होते. भिंतीच्या वरच्या अंगाला पाच गुंठ्यांचा उतार असेल, तर एका दिवसात जवळजवळ एक लाख नव्वद हजार लिटर पाणी त्या बाजूने येणार. त्यातील बरेचसे पृष्ठभागावरून वाहून जाते, पण उरलेले जमिनीत मुरून भिंतीच्या पाठीशी येते.

नुसता लेप का पुरत नाही

कोकणात विना चुन्याचा, नुसता दगडांवर दगड रचलेला गडगा असतो. घाटमाथ्यावर उतारावरील शेतात दगडी ताली घातलेल्या असतात. त्या बांधताना कोणीही जलरोधक द्रव्य वापरलेले नसते. दगडांच्या फटींतून पाणी सहज निघून जाते, माती मागे राहते व ताल उभी राहते. तीच ताल ‘पक्की’ करावी म्हणून तिच्या दरजा सिमेंटने भरल्या आणि पाण्याला दुसरी वाट ठेवली नाही, तर मजबुतीऐवजी कमजोरी येते.

भिंतीच्या दर्शनी बाजूस लावलेला रंग किंवा गिलावा पाठीमागून येणाऱ्या पाण्यापुढे टिकत नाही. पाणी भिंतीतून झिरपत पुढे येते व लेपाला आतून ढकलते. लेप फुगतो, पापुद्रे सुटतात. पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर पांढरे जमतात व भिंतीला लोणा लागतो. तैलरंग अशा ठिकाणी एखादाच पावसाळा टिकला तर टिकतो. खरा लेप भिंतीच्या मातीकडील बाजूस हवा, जेणेकरून पाण्याचा दाबच त्याला भिंतीवर घट्ट बसवील. परंतु तोही लेप भिंतीला ओल लागू देत नाही एवढेच. पाण्याचा भार तो एका किलोग्रॅमनेही कमी करीत नाही. भार कमी होतो तो फक्त निचऱ्याने.

भिंतीची तपासणी

आपल्या भिंतीची प्रकृती कोणालाही पाहता येते. त्यासाठी ओळंबा, दोरी व पट्टी एवढीच साधने पुरेत. पुढील चिन्हे तपासावीत :

१. पाझरछिद्रे कोरडी असणे. गवंडी ज्यांना वीपहोल म्हणतात, ती छिद्रे जोरदार पाऊस चालू असताना वाहत असतील तर ते सुचिन्ह समजावे. चार दिवस झड लागूनही ती कोरडी असतील, तर ती आतून बुजली आहेत व पाणी भिंतीमागे साचत आहे, असा संशय घ्यावा.

२. गढूळ पाणी. छिद्रांतून स्वच्छ पाणी येणे ठीक आहे. माती मिसळलेले पाणी सतत येत असेल, तर भिंतीमागचा भराव वाहून जात आहे व आत पोकळी तयार होत आहे.

३. भिंतीला पोट येणे. वरपासून ओळंबा सोडून दर अर्ध्या मीटरवर अंतर मोजावे. मधेच भिंत बाहेर आली असेल किंवा वरचा भाग पुढे झुकला असेल, तर तारीख घालून मोजमापाची नोंद करावी व पंधरा दिवसांनी पुन्हा मोजावे. अंतर वाढत असल्यास विलंब न लावता अभियंत्यास बोलवावे.

४. भेगा. केसासारख्या बारीक भेगा बहुधा गिलाव्याच्या असतात. पायऱ्यापायऱ्यांनी तिरप्या गेलेल्या किंवा भिंतीला समांतर अशा वरच्या जमिनीत पडलेल्या भेगा गंभीर असतात. जमिनीतील भेग म्हणजे उताराचा तुकडा सुटू लागल्याची खूण होय.

५. उन्हाळ्यातील ओल. एप्रिल-मे महिन्यांतही भिंत ओली असेल, तर ते पावसाचे पाणी नव्हे. वरच्या बाजूस पाण्याची टाकी, नळ, मोरी, शोषखड्डा किंवा मलवाहिनी गळत असली पाहिजे. प्रथम ती गळती शोधून बंद करावी.

नवीन भिंत बांधताना

काम दिवाळीनंतर सुरू करून मेच्या मध्यापर्यंत पुरे करावे. मृगाचा पाऊस आला असता पाया उघडा व दरड कापलेली, अशी अवस्था असणे फार धोक्याचे आहे. दरड एकदम सर्व लांबीभर कापू नये. थोड्या थोड्या लांबीचे तुकडे घेऊन कापावे व तेवढी भिंत उभारून मगच पुढे सरकावे.

वरचे पाणी आधी वळवावे. भिंतीच्या माथ्यापासून दोन-तीन मीटर मागे उताराला आडवा चर काढावा. तो दगडी किंवा सिमेंटचा करून त्याला एका बाजूस उतार द्यावा व त्याचे पाणी सार्वजनिक गटारात किंवा नैसर्गिक ओहोळात सोडावे. शेजाऱ्याच्या उतारावर सोडू नये. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत ही युक्ती पाहावयास मिळते. तेथे डोंगराच्या अंगावर पाट कोरून पावसाचे पाणी पोढ्यांत, म्हणजे दगडात खोदलेल्या टाक्यांत उतरविले आहे. त्यामुळे भिक्षूंना बारमाही पाणी मिळाले आणि उतारावरचे पाणी ठरलेल्या वाटेने गेले. मात्र डोंगर अभंग खडकाचा असल्याने तेथे पाणी साठविणे चालते. मुरुमाच्या उतारावर भिंतीच्या माथ्याजवळ पाणी साठवू नये व चरालाही तडे पडू देऊ नयेत, कारण फुटका चर पाणी नेण्याऐवजी मुरवितो.

पाया घट्ट मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा. भरावाच्या मातीवर पाया कधीही ठेवू नये. बांधकाम डबराचे असो वा काँक्रीटचे, त्यात खालीलप्रमाणे पाझरछिद्रे ठेवावीत. ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाच्या नळ्या सुमारे दीड मीटर अंतराने उभ्या व आडव्या ओळींत बसवाव्यात. वरच्या ओळीतील नळी खालच्या ओळीतील दोन नळ्यांच्या मधोमध यावी. प्रत्येक नळीला बाहेरच्या बाजूस थोडा उतार असावा. सर्वांत खालची ओळ समोरच्या जमिनीपासून वीतभर उंचीवर असावी, म्हणजे ती गाळाने बुजणार नाही.

भिंतीची मातीकडील बाजू साफ करून दरजा भराव्यात व तिच्यावर एकास तीन प्रमाणाचा सिमेंटचा गिलावा करावा. त्यात जलरोधक द्रव्य कारखान्याने सांगितलेल्या मापाने मिसळावे. जास्त घातल्याने गुण वाढत नाही. निदान सात दिवस, शक्य तर अधिक, गिलाव्यावर पाणी मारावे. तो पूर्ण सुकल्यावर डांबरी लेपाचे दोन हात एकमेकांना आडवे-उभे द्यावेत. पहिला हात वाळल्यावाचून दुसरा देऊ नये. लेप देताना नळ्यांची तोंडे बुजणार नाहीत याची काळजी घ्यावी. भराव करताना खडीच्या टोकांनी लेप फाटतो, म्हणून त्यावर संरक्षक पत्रे किंवा जाड कापडाचा थर लावावा.

यानंतर निचऱ्याचा थर घालावयाचा. सर्व कामाचे हृदय हेच होय. भिंतीला लागून सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीचा स्वच्छ खडीचा उभा पट्टा तळापासून माथ्याजवळपर्यंत भरावा. त्याच्या तळाशी १०० ते १५० मिलिमीटर व्यासाचा भोके पाडलेला पाइप घालावा व त्याला दर शंभर मीटरला एक मीटर इतका तरी उतार देऊन त्याचे तोंड गटारात काढावे. खडी व मागील माती यांच्यामध्ये गाळणी हवी, नाहीतर मातीचे कण खडीत शिरून दोन-तीन पावसाळ्यांत सारा थर चोंदतो.

गाळणीचा नियम कार्ल तेर्झाघी या शास्त्रज्ञाने घालून दिला. आधुनिक मृदा-यांत्रिकीचा पाया त्याच्या १९२५ साली व्हिएन्नाहून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने घातला. त्याच्या नियमाचा सारांश असा की, गाळणीचे बारीक कण मागच्या मातीतील जाड कणांपेक्षा चार-पाच पटींहून मोठे नसावेत. म्हणजे माती अडते आणि पाणी जाते. पूर्वी यासाठी मातीकडून भिंतीकडे जाड रेती, बारीक खडी व मोठी खडी असे तीन थर लावीत. आता जिओटेक्स्टाइल नावाचे न कुजणारे कापड मिळते. ते माती व खडी यांच्यामध्ये पांघरले की गाळणीचे काम होते. कापडाचे जोड एकमेकांवर हातभर चढवावेत.

मागचा भराव निचऱ्याच्या मुरुमाचा असावा. काळी माती भरू नये. ती पाण्याने फुगते व भिंतीला ढकलते. घरपाडीचा मलबा, प्लास्टिक, लाकडाचे तुकडे हेही भरू नयेत. काँक्रीटची भिंत असल्यास तिला पुरेसे बळ येईपर्यंत, म्हणजे सुमारे चार आठवडे, भराव करू नये. भराव वीस-वीस सेंटिमीटरच्या थरांनी करून प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा. भिंतीजवळच्या एक मीटर पट्ट्यात जड यंत्र फिरवू नये. सर्वांत वर वीतभर जाडीचा चिकण मातीचा थर दाबून बसवावा व त्याला भिंतीपासून दूर, चराच्या दिशेने उतार द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी थेट निचऱ्याच्या थरात उतरणार नाही.

घराची मागची भिंत हीच आधारभिंत करण्याचा मोह काही ठिकाणी होतो, कारण जागा वाचते. तसे न करणे बरे. आधारभिंत व घर यांच्यामध्ये निदान एक मीटर रुंदीची बोळ सोडून तिच्यात गटार ठेवावे. घरात ओल येत नाही, भिंतीची तपासणी करता येते आणि पाझरछिद्रांना मोकळे तोंड मिळते.

जुन्या भिंतीची दुरुस्ती

जुन्या भिंतीमागची माती काढून तिला मातीकडून लेप देणे बहुधा शक्य नसते. तरीही पुष्कळ करता येते. कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

प्रथम वरचा चर दुरुस्त करावा व गळणारे नळ, टाक्या व मोऱ्या बंद कराव्यात. एवढ्यानेच कित्येक भिंतींची ओल निम्म्याने उतरते. त्यानंतर बुजलेली पाझरछिद्रे लोखंडी सळईने हळूहळू मोकळी करावीत. छिद्रे नसतील तर उन्हाळ्यात यंत्राने नवी पाडावीत. प्रत्येक छिद्रात नळी बसवून तिच्या आतील टोकाला जिओटेक्स्टाइलचा मोजा बांधावा, म्हणजे पाणी येईल पण माती येणार नाही. भिंतीला पोट आले असेल किंवा ती झुकली असेल, तर अभियंत्याच्या सल्ल्यावाचून तिला हातोडा लावू नये; अशा भिंतीला आधी बाहेरून टेकू द्यावे लागतात.

छिद्रांतून उंदीर व साप येतात, भिंतीवर डाग पडतात, म्हणून ती बुजविण्याचा आग्रह संस्थांच्या सभांत धरला जातो. त्यावर उपाय सोपा आहे. नळीच्या तोंडाला न गंजणारी जाळी लावावी आणि नळी भिंतीच्या पुढे चार बोटे काढावी, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता खालच्या पन्हळीत पडेल. छिद्र बुजवू नये.

पाणी वाहते झाल्यावर मग दर्शनी बाजूची दुरुस्ती करावी. सुटलेला गिलावा खरवडून काढावा, लोणा कोरड्या ब्रशने झाडावा व नंतर भिंत धुऊन घ्यावी. येथे तैलरंग किंवा डांबर न लावता सिमेंटच्या जातीचा, भिंतीच्या छिद्रांत स्फटिक बनवून बसणारा लेप वापरावा. तो पाठीमागून येणाऱ्या ओलीपुढे टिकतो व भिंतीला श्वासही घेऊ देतो. हा शेवटचा टप्पा आहे. पैसे कमी पडत असतील तर हाच टप्पा पुढच्या वर्षावर टाकावा. चर व छिद्रे यांचा टप्पा टाकू नये.

परसबाग व झाडे

उपनगरांत जागा थोडी, म्हणून भिंतीच्या माथ्यावरची पट्टी परसबागेसाठी वापरण्याची हौस असते. ती हौस योग्य आहे, पण काही पथ्ये पाळावीत. केळी, अळू यांसारखी भरपूर पाणी मागणारी पिके भिंतीपासून दोन मीटरच्या आत लावू नयेत. आळी करून पाणी तुंबविण्याऐवजी ठिबकने किंवा झारीने बेताचे पाणी द्यावे. मोठ्या कुंड्यांची रांग भिंतीच्या माथ्यावर लावल्याने अकारण भार वाढतो.

पिंपळ, वड व उंबर यांची रोपे भिंतीच्या सांध्यांत आपोआप उगवतात. ती वीतभर असतानाच मुळासकट काढावीत. त्यांची मुळे पुढे जाड होऊन दगड सरकवितात. झाड मोठे झाले असल्यास ते उपटू नये, कारण मुळांबरोबर भिंतही सुटते. महानगरपालिकेच्या उद्यान खात्याच्या परवानगीने ते वरच्यावर छाटावे व अभियंत्याला दाखवावे. वरच्या उघड्या उतारावर वाळा लावणे फार हिताचे आहे. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खोल जातात व माती गुंफून धरतात. पावसाळ्याच्या आरंभी उताराला आडव्या, दाट ओळींत त्याचे ठोंब लावावेत. उतार उघडा करून त्यावर कुदळ चालविणे मात्र पावसाळ्यात टाळावे.

वर्षाचे वेळापत्रक

एप्रिल व मे : वरचा चर, पन्हळी व गटारे साफ करावीत. पाझरछिद्रे मोकळी करावीत. वरून बादलीभर पाणी ओतून चराचे तोंड वाहते की नाही हे पाहावे. दुरुस्ती मेअखेर पुरी करावी.

जून ते सप्टेंबर : प्रत्येक मोठ्या पावसानंतर भिंतीची फेरी करावी. कोणती छिद्रे वाहतात, पाणी स्वच्छ की गढूळ, हे वहीत लिहावे. चरातील पाने काढावीत.

ऑक्टोबर व नोव्हेंबर : ओळंब्याने पुन्हा मोजमाप घ्यावे व मागील नोंदीशी ताडून पाहावे. लागेल ती दुरुस्ती याच कोरड्या महिन्यांत ठरवावी.

पावसात भिंतीतून एकदम पाण्याचा लोट येऊ लागला, वाहती छिद्रे अचानक बंद झाली, दगड सुटू लागले, वरच्या जमिनीत भेग पडली किंवा दारे-खिडक्या अकस्मात घट्ट बसू लागल्या, तर भिंत दुरुस्त करण्याची ती वेळ नव्हे. भिंतीच्या खालची व वरची दोन्ही घरे रिकामी करावीत आणि मुंबईत १९१६ या क्रमांकावर महानगरपालिकेच्या आपत्कालीन कक्षास कळवावे. रात्रीची वेळ असली तरी सकाळची वाट पाहू नये.

आधारभिंत बांधणे वा तिच्यात मोठी दुरुस्ती करणे यासाठी महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयाकडे आधी चौकशी करावी. भिंत दोन आवारांच्या सीमेवर असेल, तर वरच्या व खालच्या दोन्ही रहिवाशांनी एकत्र बसून खर्चाची वाटणी व देखरेखीची जबाबदारी लेखी ठरवावी. जी भिंत सर्वांची असते तिची छिद्रे कोणीच साफ करीत नाही, असा अनुभव आहे. निदान एका माणसाचे नाव त्या कामापुढे लिहिलेले असावे.

बांधाला सांडवा, विहिरीला कठडा, तशी आधारभिंतीला पाझरछिद्रे. त्यांना लागणारा खर्च भिंतीच्या एकूण खर्चाच्या मानाने थोडा असतो. भिंतीतून पावसाळ्यात स्वच्छ पाण्याच्या धारा पडताना दिसल्या, तर त्या पाहून चिंता करू नये. पाणी ठरलेल्या वाटेने जात आहे आणि भिंत आपले काम करीत आहे, असे समजावे.